त्या तासाला वह्या तपासू नका

प्रश्न : मी सातवीला भाषा शिकवते. गेल्या वर्षी एका नाट्यसंस्थेनं आमच्या शाळेत दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. मुलं हरखून गेली, पण आठवड्याभरात सगळं विरून गेलं. आता तीच संस्था वर्षभर, आठवड्यातून एक तास यायला तयार आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "त्या तासाला तुम्ही निवांत वह्या तपासा." होकार द्यावा का? यातून मुलांजवळ काही उरेल का?

उत्तर : होकार जरूर द्या. फक्त वह्या घेऊन स्टाफरूममध्ये जाऊ नका. तुम्ही वर्गात नसाल, तर वर्षभराचा उपक्रमही त्या दोन दिवसांसारखाच विरेल.

मी आधी शिक्षिका होते, मग चौदा वर्षं एका नाट्यगटाबरोबर शाळाशाळांतून फिरले. पहिल्याच वर्षी एका वर्गात मी डोळे मिटून खेळायचा खेळ घेत होते. टाळी ज्या दिशेनं ऐकू येईल, त्या दिशेला वळायचं. एक मुलगा दर वेळी चुकत होता. मी त्याला तीनदा टोकलं. त्यानंतर तो भिंतीशी जाऊन बसला आणि पुढचे कितीतरी तास तिथून हलला नाही. महिन्याभरानं कळलं, त्याला डाव्या कानानं ऐकूच येत नाही. त्याच्या वर्गशिक्षकांना हे ठाऊक होतं, पण ते शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या मुलाचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

कलावंताला आपली कला येते. मुलं तुम्हाला माहीत असतात. या दोन जाणत्यांची गाठ पडली नाही, तर संस्थेनं आणि शाळेनं कागदावर कितीही सह्या केल्या तरी वर्गात काही घडत नाही. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरनं 1965 मध्ये शाळांसाठी नाटकाचं काम सुरू केलं, तेव्हा त्यात काम करणाऱ्यांना 'नट-शिक्षक' म्हटलं गेलं. मला तो शब्द फार आवडतो. नाटक दाखवून निघून जायचं नाही, मुलांना नाटकाच्या आत घ्यायचं आणि त्यातून शिकवायचं, ही त्यामागची दृष्टी होती.

म्हणून पहिल्या तासाच्या आधी त्या संस्थेच्या माणसांबरोबर दोन तास बसा. मुलांची यादी समोर ठेवा. कोण बोलायला घाबरतं, कोणाच्या घरी सध्या काय चाललंय, कोणाला स्पर्श सहन होत नाही, यातलं त्यांना गरजेचं तेवढं सांगा. मग तुमच्या पाठ्यपुस्तकातला एक पाठ निवडा. एकच. समजा, कथेत गाव सोडून जाणारा माणूस आहे. कलावंतानं तो माणूस होऊन वर्गात यायचं आणि मुलांनी त्याला प्रश्न विचारायचे. डोरोथी हीथकोट या ब्रिटिश नाट्यशिक्षिकेनं शिक्षकानं स्वतःच भूमिकेत शिरण्याची ही रीत रुजवली. तुम्हीही ती उचलू शकता. दुसऱ्या दिवशी तुमच्या तासाला मुलांनी त्याच माणसाचं पत्र लिहायचं. ते पत्र पुढच्या आठवड्यात कलावंताच्या हातात पडलं, की त्यातूनच पुढचा तास सुरू होतो. दोन तासांच्या मधले जे सहा दिवस आहेत, खरं काम तिथंच आहे आणि ते तुमच्या हातात आहे.

आणि मुख्याध्यापकांकडून एक गोष्ट आत्ताच कबूल करून घ्या : परीक्षा जवळ आली म्हणून हा तास कापायचा नाही. वेळापत्रकात त्याला पक्की जागा हवी. मी पाहिलेले निम्मे उपक्रम सहामाहीच्या आधीच्या पंधरवड्यात बंद पडले.

काही उरेल का, असं तुम्ही विचारता. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात 2011 मध्ये क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय उघडलं. शाळांचे अर्ज इतके आले, की कोणाला आधी बोलवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागलं. संशोधकांनी त्याचा फायदा घेऊन, जाऊन आलेली मुलं आणि अजून न गेलेली मुलं ताडून पाहिली. जवळपास 11 हजार मुलं, 123 शाळा. तिथल्या एका चित्रात लोक मेपलच्या झाडाच्या रसापासून साखर करताना दिसतात. गुलामांच्या श्रमावर पिकणारी साखर नको, म्हणून गुलामगिरीचे विरोधक हे करत होते. कित्येक आठवड्यांनंतरही ते चित्र पाहिलेल्या 88 टक्के मुलांना हा संदर्भ आठवत होता. न पाहिलेल्या चित्राबद्दल लिहितानाही त्यांनी जास्त बारकाईनं विचार केला, आणि खेड्यांतल्या व गरीब शाळांतल्या मुलांमध्ये हा फरक अधिक होता. एका भेटीनं एवढं होतं, पण त्या भेटीच्या आधी आणि नंतर वर्गात करायचं साहित्य शिक्षकांना दिलेलं होतं, हे विसरू नका.

प्रश्न : माझ्या मुलाच्या शाळेनं गणिताचा एक तास कमी करून तो एका संगीतसंस्थेला दिला आहे. संगीतानं गणित सुधारतं, असं शाळा म्हणते. खरं आहे का?

उत्तर : शाळेनं असं आश्वासन द्यायला नको होतं. एलेन विनर आणि लोइस हेटलँड या अमेरिकन संशोधकांनी 2000 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. कलेमुळे इतर विषयांचे गुण वाढतात, हे त्यांना सिद्ध झालेलं दिसलं नाही. वर्गात गोष्टीचं नाटक केल्यानं भाषा सुधारते, याला मात्र पक्का आधार मिळाला. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये 42 शाळांत पुढे एक मोठा प्रयोग झाला; कोणत्या शाळांना कलासंस्था जोडून द्यायच्या, ते तिथंही चिठ्ठ्या टाकून ठरवलं. कलासंस्था जोडून दिलेल्या शाळांत बेशिस्तीच्या तक्रारी कमी झाल्या, मुलांचं लेखन सुधारलं, दुसऱ्याबद्दलची कणव वाढली. गणिताच्या गुणांत तसा फरक पडला नाही.

पण म्हणून तो तास बंद करा, असं मी म्हणणार नाही. संगीत शिकायला संगीत एवढं कारण मला पुरतं. गणिताचा तास परत मागा, तो तुमचा हक्क आहे; त्यासाठी संगीताचा तास मात्र जाऊ देऊ नका. आणि मुलाला विचारा, त्या तासाला तो स्वतः गातो-वाजवतो, की चाळीस जणांबरोबर हाताची घडी घालून ऐकत बसतो? तो नुसता ऐकत बसत असेल, तर शाळेशी बोलणं तिथून सुरू करा.