फेरीबोटीतला आनंद

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान अडीच वर्षांपूर्वी झाले. आठवड्यातून तीनदा त्याला फेरीबोटीने रायबंदरला आणि तिथून पणजीला थेरपीसाठी नेते. बोट धक्क्याला लागू लागली की तो टाचा उंचावून दोन्ही हात फडफडवतो. लोक बघतात म्हणून मी त्याचे हात धरून ठेवते. घरी दिवसभर ‘चल, फेरी सुटली’ एवढेच म्हणत राहतो. मी नोकरी सोडली नाही म्हणून असे झाले, असे घरातल्या ज्येष्ठांना वाटते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सारे कुटुंब जमणार, याचीच धास्ती वाटते. त्याच्यावर माझे अतोनात प्रेम आहे, पण त्याच्यासोबत आनंदात गेलेला एकही दिवस मला आठवत नाही.
— एक आई, चोडण

उत्तर : सर्वप्रथम त्याचे हात धरणे थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. स्वमग्न मुले अत्यानंदात असताना, किंवा मनावरचा ताण हलका करण्यासाठी, अशी हालचाल करतात; तिच्यामुळे कोणाला इजा होत नसेल तर ती रोखण्याचे कारण नाही. बोट लागताना तुमचा मुलगा हर्षाने भरून जातो, आणि नेमके त्याच वेळी तुमचे लक्ष सभोवतालच्या नजरांकडे आणि पुढच्या बसकडे असते. थेरपी चालू ठेवाच. परंतु तो सुधारला की मग आनंद करू, असे मनाशी ठरवून बसलात तर त्याच्या बालपणाची ही वर्षे वाट पाहण्यातच सरतील. एखाद्या रविवारी पणजीचे काम नसताना, केवळ बोटीसाठी बोटीत बसा. तो पाहतो ते पाहा : पाण्यावरचा फेस, खडखडत खाली येणारी लोखंडी फळी, उतरणाऱ्या दुचाक्यांची रांग. त्या वेळी काही शिकवू नका आणि ‘माझ्याकडे बघ’ असेही म्हणू नका. नजरेला नजर देणे या मुलांना पुष्कळदा जड जाते, पण म्हणून तुमची सोबत त्याला जाणवत नाही असे नव्हे.

‘चल, फेरी सुटली’ हे वाक्यही निरर्थक समजू नका. ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारणे ही अनेक स्वमग्न मुलांची बोलण्याची रीतच असते. तो ते केव्हा म्हणतो, याची आठवडाभर नोंद ठेवा. कदाचित ‘मला बाहेर जायचे आहे’ किंवा ‘मी खुशीत आहे’ असा अर्थ हाती लागेल, आणि मग त्याच वाक्याने तुम्हालाही त्याच्याशी बोलता येईल.

ज्येष्ठांच्या आक्षेपाबद्दल थोडक्यात. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केल्यानंतर बराच काळ आईच्या कोरडेपणालाच दोष दिला जात असे. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये ती समजूत खोडून काढली. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असून तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. तुमच्या नोकरीचा तिच्याशी काहीही संबंध नाही. हे घरात तुमच्या यजमानांनी सांगावे.

चवथीला घुमट या वाद्याचा आणि झांजांचा आवाज त्याला असह्य होऊ शकतो. आरतीच्या वेळी त्याला घेऊन परसात थांबण्याची पाळी मोठ्यांनी आपसांत वाटून घ्यावी. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास, मात्र पाहुणे येण्यापूर्वी त्याच्यासोबत बांधा. नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, चिबूड त्याला हवे तसे मांडू द्या, आणि त्याचा क्रम आवडला तर त्याच क्रमाने टांगा. त्याने सर्वांत आधी काय उचलले, ते मला अवश्य कळवा.