बाबांची एफडी मोडून प्लॅब द्यावी का?

डॉक्टर, पत्र मिळालं. तुम्ही लिहिता: वय २७, बी.जे. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस, सरकारी सेवेच्या बॉन्डचं वर्ष झालंय. सध्या सिंहगड रस्त्यावर रात्रपाळीला आरएमओ (हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर) आहात, पगार ५५ हजार, शिल्लक ६ लाख. नीट पीजीत (एमडीच्या प्रवेशपरीक्षेत) मेडिसिन हुकलं, म्हणून ब्रिटनचा, म्हणजे तिथे काम करण्यासाठी परदेशी डॉक्टर देतात त्या प्लॅब परीक्षेचा विचार. त्यासाठी बाबा निवृत्तीची १४ लाखांची एफडी मोडायला तयार आहेत. पुढे पुण्यात परत येऊन स्वतःची ओपीडी टाकायची आहे.

एफडी मोडू नका. परीक्षेचा खर्च तुमच्या शिलकीत बसतो. प्लॅब-१ आणि इंग्रजीची परीक्षा भारतातच देता येते. प्लॅब-२ ला मँचेस्टर गाठावं लागतं, तिथली फी हजार पाउंडांच्या आसपास. तिकीट, व्हिसा, क्लास, राहणं मिळून सगळे चार-साडेचार लाख धरा.

पैसा जिरतो तो त्यानंतर. रिझल्ट लागल्यावर तिथेच थांबून अर्ज करणार, असं तुम्ही म्हणता. तसं करू नका. व्हिजिटर व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि तो तिथल्या तिथे वर्क व्हिसात बदलूनही मिळत नाही. नोकरी लागली तरी व्हिसासाठी परत यावंच लागतं. महिन्याला हजार पाउंड गेले आणि पाउंड १२० रुपयांचा धरला, तर सहा महिन्यांत सव्वासात लाख संपतील. म्हणजे बाबांची अर्धी एफडी. अर्ज करायचे तर पुण्यात ड्यूटी करत करा.

मला जास्त काळजी वाटते ती ट्रेनिंगची, म्हणजे तिथे विशेषज्ञ होण्यासाठीच्या प्रशिक्षणाची. तिथल्या ट्रेनिंगच्या जागांसाठी आधीच झुंबड आहे, त्यात जुलै २०२५ च्या आरोग्य आराखड्यात ब्रिटिश सरकारने आपल्याच पदवीधरांना प्राधान्य देण्याचं जाहीर केलं. ट्रेनिंगबाहेरची नोकरी कदाचित मिळेल आणि पगारही इथल्यापेक्षा चांगला असेल. पण अशा नोकरीत पाच वर्षं काढली तरी पदव्युत्तर पदवी आपोआप हाती येत नाही. पुण्यात परतलात की पाटीवर एमबीबीएसच राहील, आणि तुम्हाला तर मेडिसिनची ओपीडी टाकायची आहे.

म्हणून माझं मत: नीट पीजीला आणखी एक वर्ष द्या. रात्रपाळ्या कमी कराव्या लागल्या तर शिलकीतले दीड-दोन लाख त्यासाठी वापरा, हा खर्च मला अजिबात खटकणार नाही. एमडी किंवा तिच्या तोडीची डीएनबी करताना विद्यावेतन मिळतं. एमआरसीपी या मेडिसिनच्या ब्रिटिश परीक्षेचा पहिला भाग भारतातून देता येतो. त्यानंतर परदेशी डॉक्टरांना ठरावीक काळ ब्रिटनमध्ये प्रशिक्षण देणाऱ्या एमटीआय योजनेतून, प्लॅब न देता, दोन वर्षं तिथे शिकून परत येता येतं. तुमच्या बेताला हेच जास्त जुळतं.

तोवर प्लॅब-१ देऊ नका. ती पास झाल्यापासून दोन वर्षांत प्लॅब-२ द्यावी लागते आणि तिच्यापासून दोन वर्षांत ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेत नोंदणी. हे घड्याळ आत्ताच कशाला चालू करायचं? पुढच्या वर्षीही मेडिसिन नाही मिळालं तर जरूर द्या, स्वतःच्या पैशांनी. तेव्हा लाख-दीड लाख कमी पडलेच तर एफडीवर कर्ज काढा. व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतं, आणि बाबांची एफडी शाबूत राहते.