फूड टेक्नॉलॉजीत इंजिनिअरिंग केलं तर पुढे काय?

तुम्ही विचारलंय की फूड टेक्नॉलॉजीत इंजिनिअरिंगची पदवी घ्यावी का, नोकरी मिळते का, आणि घरचे ‘स्वयंपाकाचं इंजिनिअरिंग’ म्हणून हसतात त्याचं काय करायचं. हसण्यावर इलाज नाही. मी हीच पदवी घेतली, अकरा वर्षं कारखान्यांत काढली, तरी घरी पाहुणे आले की भाजीत मीठ बरोबर आहे का ते मलाच विचारतात.

स्वयंपाकाशी या अभ्यासाचा संबंध फार थोडा. निम्मं केमिकल इंजिनिअरिंग, म्हणजे द्रव पाइपमधून कसा वाहतो, उष्णता कशी शिरते, पाणी कसं उडवायचं. आणि निम्मं सूक्ष्मजीवशास्त्र व रसायनशास्त्र. हवाबंद डबा घ्या. आतल्या पदार्थाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या वर असेल तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूचे तग धरून राहिलेले बीजाणू नंतर वाढून विष तयार करू शकतात. उकळत्या पाण्याला ते दाद देत नाहीत, म्हणून डबा वाफेच्या दाबाखाली साधारण 121 अंशांपर्यंत न्यावा लागतो. पण डब्याच्या आत सगळीकडे तापमान सारखं नसतं. पातळ रस्सा आतल्या आत फिरतो आणि लवकर तापतो. घट्ट गर जागचा हलत नाही, त्याच्या मध्यापर्यंत उष्णता सावकाश पोचते. सर्वांत उशिरा तापणारा तो बिंदू शोधायचा आणि तिथे पुरेशी उष्णता पोचेल इतका वेळ ठरवायचा. वेळ कमी पडला तर माणसं दगावतील, जास्त झाला तर लगदा होईल. ही आकडेमोड आवडली, तर शाखा तुमची.

माझी पहिली नोकरी दुधाच्या प्लांटवर, रात्रपाळीत. पाश्चरीकरणात दूध 72 अंशांवर निदान 15 सेकंद राहायला हवं. तापमान खाली आलं की झडप आपोआप फिरते आणि दूध मागे जातं. एका रात्री झडप सारखी फिरत होती, लाइन अडलेली, ऑपरेटर सेन्सरला शिव्या देत होता. सेन्सर ठीक होता. वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा स्टीम ट्रॅप अडकला होता, ते पाणी हीटरमध्ये साचलं होतं आणि उष्णता दुधापर्यंत पोचतच नव्हती. ते सापडलं त्या पहाटे मला पहिल्यांदा वाटलं की आपण इंजिनिअर आहोत.

नोकऱ्या आहेत. बहुतेकांची सुरुवात उत्पादन किंवा क्वालिटीत होते: शिफ्ट, जाळीची टोपी, ऑडिट आणि कागदपत्रं. क्वालिटीत हॅसप रोज हाताळावं लागतं. धोका कुठे आहे ते आधीच हेरून तिथेच पहारा ठेवायचा, ही ती पद्धत. 1960 च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी ती आकाराला आली. आरअँडडी, म्हणजे नवे पदार्थ विकसित करण्याचं काम, सगळ्यांनाच हवं असतं, जागा मात्र कमी, आणि तिथे पुढचं शिक्षण उपयोगी पडतं. तिथलं खरं कौशल्य चव जमवण्यापेक्षा प्रमाण वाढवण्यात आहे. पातेल्यात झकास झालेला जॅम मोठ्या केटलमध्ये काळपट होतो, कारण घनफळाच्या मानाने तापणारा पृष्ठभाग कमी पडतो आणि शिजायला वेळ लागतो. याशिवाय पॅकेजिंग, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या, फ्लेवर, लेबल आणि नियमांचं काम; इकडे मुलं फारशी बघत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगतोय.

पगाराचं लपवत नाही: सुरुवातीला सॉफ्टवेअरमधल्या मित्रांपेक्षा मला बराच कमी होता. पाचेक वर्षांनी, एखादी प्रक्रिया नीट हातात आल्यावर, फरक पडला. रात्रपाळी आणि गावाबाहेरचा कारखाना अजिबात नको असेल तर दुसरी शाखा बघा.

प्रवेशाआधी दोन गोष्टी तपासा. अभ्यासक्रमात हीट ट्रान्सफर (उष्णतेचं वहन) आणि युनिट ऑपरेशन्स (सुकवणं, गाळणं अशा मूळ प्रक्रिया) पूर्ण विषय म्हणून आहेत का? नसतील तर ती नावापुरतीच इंजिनिअरिंग. आणि पायलट प्लांट, म्हणजे कॉलेजातला शिकण्यापुरता छोटा कारखाना, दाखवायला सांगा. बॉयलर शेवटचा कधी पेटवला होता हे तिथल्या शिक्षकांना नाही, तंत्रज्ञाला विचारा.