‘गहाळ’ लिहिण्याआधी

कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या पोलीस अकादमीतून तुझा फोन आला तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन कपिलतीर्थावरून परतत होतो, नीट बोलणं झालं नाही. तू विचारलंस, “काका, मला जे ठाणं मिळेल तिथले गुन्हे कमी कसे करायचे?” तेहतीस वर्षं खाकीत काढली, त्यातली बरीच ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी. उभ्याउभ्या उत्तर द्यावंसं वाटलं नाही, म्हणून लिहितो.

ठाण्यातल्या फळ्यावर आकडा दोन कारणांनी उतरतो. गुन्हे घडायचे थांबतात, नाहीतर आपण ते लिहायचे थांबतो. फळा बघून यातलं काय झालं ते कळत नाही.

माझ्या हातून काय झालं ते आधी सांगतो. मी तेव्हा हवालदार होतो, रात्रपाळीला. नऊच्या सुमारास एक बाई आली, सोबत दहा-अकरा वर्षांचा मुलगा. देवळातून परतताना मोटरसायकलवरून दोघं आले आणि मंगळसूत्र हिसकावून गेले. तिनं पदर बाजूला केला. मानेवर लाल रेघ उमटली होती आणि तुटून राहिलेली एक वाटी तिनं मुठीत धरली होती. क्राइम मीटिंग, म्हणजे वरिष्ठांसमोर ठाण्यातल्या गुन्ह्यांचा आढावा, दोन दिवसांवर होती. त्या महिन्यात आमच्या हद्दीत जबरी चोऱ्या आधीच तीन झाल्या होत्या आणि साहेबांनी संध्याकाळीच बजावलं होतं, आता आकडा वाढता कामा नये. मी तिला म्हणालो, “बाई, गर्दीत कुठंतरी पडलं असेल.” आणि लिहिलं, ‘गहाळ’. हरवल्याची नोंद गुन्ह्यात मोजली जात नाही. मी बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. मुलगा मात्र सगळा वेळ माझ्याकडं बघत होता.

पुढच्या दोन महिन्यांत त्याच वळणावर आणखी दोघींचे दागिने गेले. पहिल्या बाईची फिर्याद खरी लिहिली असती तर वेळ, वळण, गाडीचं वर्णन जुळलं असतं, तिथं साध्या वेशात दोन माणसं उभी करता आली असती. कागदावर काहीच नव्हतं, म्हणून गस्त दुसऱ्याच रस्त्यानं फिरत राहिली. तिसरी बाई ओढाताणीत पडली, तिचं मनगट मोडलं. ते माझ्यामुळं मोडलं. साहेबांचा हुकूम होता खरा, पण पेन माझ्या हातात होतं.

२०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या हुकमाविना तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी फिर्याद घ्यायची तरतूद आहे. हे तू अकादमीत पाठ केलं असशीलच. पाठ असणं आणि मीटिंगच्या आदल्या रात्री पाळणं यात फार अंतर आहे.

नव्या ठाण्यात गेलीस की पहिल्या आठवड्यात एक काम कर. खून आणि वाहनचोरी या दोन आकड्यांवर आधी बोट ठेव. खून सहसा लपत नाही, प्रेत समोर असतं. गाडीचोरीही फारशी लपत नाही, कारण विमा कंपनी एफआयआरची प्रत मागते. आता या दोन्हींच्या शेजारी चेन स्नॅचिंग, घरफोडी आणि मारामारी ठेवून बघ. गाड्या भरपूर चोरीला जातायत आणि घरफोड्या मात्र नाहीतच, असं दिसलं तर गहाळ दाखल्यांचं आणि अदखलपात्रचं रजिस्टर उघड. सरकारी दवाखान्यातून आलेल्या एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या वगैरे जखमांची पोलिसांना दिलेली खबर, काढ, ११२ वर आलेले कॉल काढ. त्यातल्या किती जणांची पुढं फिर्याद झाली ते मोज. उरलेली माणसं कुठं गेली, हे शोधणं तुझं खरं काम.

बरीचशी माणसं ठाण्याची पायरीच चढत नाहीत. का, ते सांगतो. मटक्याची चिठ्ठी घेणाऱ्या टपरीवर आपला माणूस दर महिन्याला थांबतो, हे साहेबाला कळायच्या आधी गल्लीतल्या शाळकरी पोराला माहीत असतं. शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंगवर काम करणारा एक गडी मला माहीत होता. पगार ओपन-क्लोजमध्ये, म्हणजे मटक्याच्या आकड्यांवर, जायचा. मग सावकार आला, आठवड्याला दहा टक्के, सहीचे दोन कोरे चेक. हप्ता चुकला तशी गाडी ओढून नेली, घरात शिरून बायकोला शिव्या दिल्या. ती त्याला म्हणायची, ठाण्यात जाऊ. तो म्हणायचा, टपरीवर येतो तोच माणूस तिथं बसलेला असतो. सावकारी नियमन कायदा २०१४ पासून आहे, सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडंही तक्रार करता येते, पण त्याचा कशावरच विश्वास उरला नव्हता. एका रात्री त्यानं सावकाराच्या पोराला चाकू मारला. आमच्या कागदावर आलं, ‘किरकोळ वादातून हल्ला’. त्या वर्षी जुगाराच्या केसेसचा आकडा मात्र चांगला होता, बाळ. दर महिन्याला टपरीवरचा चिठ्ठीवाला आणून जुगारबंदी कायद्याच्या कलम १२ अ खाली उभा करायचा, तो दंड भरून परत टपरीवर. बुकीच्या दारात कुणी गेलं नाही.

हप्ता घेणाऱ्यांपैकी एकाला पुढं लाचलुचपतवाल्यांनी सापळ्यात धरलं. अँथ्रासीनची पूड लावलेल्या नोटा, अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली चमकणारी बोटं, पंचांसमक्ष सगळं. आम्हा तरुण पोरांना वाटलं, आता बदलणार. निलंबन झालं, खटला रेंगाळला, तक्रारदार फितूर झाला, माणूस निर्दोष सुटून कामावर रुजू झाला. ज्या दिवशी तो परत आला त्या दिवशी ठाण्यातल्या पाच-सहा नव्या शिपायांचे चेहरे मी बघितले. प्रशिक्षणात जे शिकले होते ते त्या एका सकाळीत पुसलं गेलं. २०२२ मध्ये घटनापीठानं नीरज दत्ता खटल्यात म्हटलं की तक्रारदार फितूर झाला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर लाचेची मागणी सिद्ध करता येते. म्हणजे पंचनामा, वेळ, फोनच्या नोंदी यांना आता फार वजन आहे. तुझ्या हाताखालचा कुणी अडकला तर त्याला वाचवायला एक कागदही हलवू नकोस. आणि कुणी लाच मागतो म्हणून तुझ्याकडं आला तर त्याला १०६४, लाचलुचपतवाल्यांची हेल्पलाइन, लावून दे, तो बोलेपर्यंत शेजारी थांब.

बंदोबस्ताचं थोडं. जोतिबाची चैत्र यात्रा, गणपती, नवरात्रात अंबाबाईची गर्दी, मधेच मंत्र्यांचा दौरा, त्यात महापूर. हे करावंच लागतं, माणसांचे जीव असतात. पण तपासाची फाइल तोवर कपाटात असते आणि अटकेनंतर दोषारोपपत्र द्यायच्या मुदतीचा साठावा किंवा नव्वदावा दिवस बंदोबस्तासाठी थांबत नाही. दोषारोपपत्र गेलं नाही की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. घरफोडी करणारा सराईत असा सुटला की त्याच पेठेत पुन्हा कुलपं तुटतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळे करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंह निकालात २००६ सालीच सांगून झालंय. ठाण्यात अजून तोच अधिकारी दोन्ही करतो. म्हणून तू स्वतःची एक वही ठेव, प्रत्येक अटकेसमोर साठ आणि नव्वदची तारीख लिही, आणि बंदोबस्ताची यादी आली की ती वही घेऊन साहेबांपुढं उभी राहा.

तू खरं लिहायला लागलीस की पहिल्या सहा महिन्यांत तुझ्या ठाण्याचा आकडा वाढेल. मीटिंगमध्ये तुला उभं करतील. रडू येईल, येऊ दे, पण शब्द फिरवू नकोस. गहाळ दाखल्यांचा आणि ११२ चा जुना हिशेब सोबत ने. गुन्हे आधीही एवढेच होते, ते आता कागदावर आलेत, हे दाखवून दे. आता तर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही इथं कोल्हापुरात, सीपीआर दवाखान्यासमोर आलंय. फिर्याद नाकारली म्हणून उच्च न्यायालयात दाद मागायला पूर्वी मुंबई गाठावी लागायची, माणूस तिथंच खचायचा. आता तो केएमटीच्या बसनं जाईल.

दीक्षान्त संचलनाला तुझ्या आईला घेऊन येतोय, रात्रीच्या गाडीची तिकिटं काढली. तिनं चिवडा केलाय. तुझी ती वही मी इथूनच घेऊन येतो, लाल कापडी पुठ्ठ्याची, तीनशे पानी.

तुझा,
काका