मांकोराची बस आणि ऑक्टोबरचा हप्ता

पुण्यातील एका 31 वर्षांच्या वाचकाने विचारले आहे की, सप्टेंबरमध्ये नोकरी सोडून अडीच महिने पेरू देशात पाठीवर सॅक टाकून फिरायचे आणि लिमाहून बसने उत्तरेकडे जात मांकोरा या समुद्रकाठच्या निवांत गावी मुक्काम करायचा, तर लागणारे साडेचार लाख रुपये वैयक्तिक कर्जातून उभे करावेत की म्युच्युअल फंडातील साडेसहा लाखांतून काढावेत. फंडांवर "18 टक्के सहज सुटतात" म्हणून त्यांचा कल कर्जाकडे आहे.

कर्ज काढू नये. चौदा टक्के दराने तीन वर्षांसाठी साडेचार लाख घेतले तर दरमहा सुमारे 15,400 रुपयांचा हप्ता आणि एकूण लाखभर व्याज पडेल, आणि तेही पगार बंद झाल्यावर. फंडांचे अठरा टक्के आपल्याला कोणीही लिहून दिलेले नाहीत. कर्जाचे चौदा मात्र आपण लिहून देणार आहात. पैसे फंडातून काढावेत. आपण कळवलेला नफा दीर्घ मुदतीचा आणि सव्वा लाखाच्या आत असल्याने त्यावर करही लागणार नाही.

खरी अडचण आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे: "बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी दिलेली गॅरंटीड पॉलिसी आहे, ऑक्टोबरात चौथा हप्ता, ती चालूच ठेवणार." लिमा ते मांकोरा हे साडेअकराशे किलोमीटरचे अंतर बस 18 ते 20 तासांत कापते आणि 'कामा' (पलंगासारख्या) वर्गाचे आसन 160 अंशांपर्यंत मागे कलते, इतका तपशील आपण जमवला आहे, पण वर्षाला 1,20,000 रुपये घेणारा कागद उघडून पाहिलेला दिसत नाही. दहा वर्षे हप्ते भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेरीस 24 लाख घ्यायचे, यालाच साहेब "पैसे दुप्पट" म्हणाले असणार. प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षे अडकतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागले की वार्षिक दर ढोबळमानाने कळतो; 72 ला साडेपंधराने भागले की तो निघतो जेमतेम साडेचार टक्के. इतका परतावा मुदत ठेवीतही मिळाला असता. विमा केवळ 12 लाखांचा आहे, म्हणजे आपल्या एका वर्षाच्या पगाराहूनही कमी.

आता रागाच्या भरात पॉलिसी मोडूही नये. भरलेल्या 3,60,000 रुपयांवर तिसऱ्या वर्षी हमीचे समर्पण मूल्य (पॉलिसी मोडल्यास परत मिळणारी रक्कम) 35 टक्के, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास मिळते. हप्ते थांबवून पॉलिसी 'पेड-अप' केली, तर दहापैकी तीन हप्त्यांच्या प्रमाणात सतरा वर्षांनी 7,20,000 रुपये येतात. सव्वा लाखाचे एवढे व्हायला वर्षाला साडेदहा टक्क्यांहून अधिक परतावा लागेल. चौथा हप्ता भरला की समर्पण मूल्य 50 टक्के होते, हे साहेब आता आवर्जून सांगतील. पण त्यासाठी 1,20,000 भरून वाढ 1,14,000 ची होते. पेड-अप रक्कम कंपनीकडून लेखी घ्यावी आणि बँकेतील ऑटो-डेबिट बंद करावे.

हे प्रवासापूर्वीच करायचे आहे, कारण आपल्या हिशेबात घरी दरमहा पाठवायचे 22,000 रुपये धरलेलेच नाहीत. परतल्यावर नोकरी मिळेपर्यंत एकूण सहा महिने धरले तर 1,32,000 रुपये होतात. साडेसहा लाखांतून प्रवास आणि हा खर्च वजा केल्यास 68,000 उरतात आणि तेवढ्यात ऑक्टोबरचा हप्ता येतो. म्हणून मांकोरातला मुक्काम महिनाभराऐवजी पंधरा दिवसांचा ठेवावा. ऑक्टोबरपर्यंत तेथून देवमासेही दिसतात.

राजीनाम्याआधी आणखी दोन कामे आहेत. एक कोटीचा टर्म विमा पगाराच्या स्लिपा हातात असतानाच घ्यावा; आपल्या वयाला त्याचा वार्षिक हप्ता बारा-पंधरा हजारांच्या घरात असतो. दुसरे, मधुमेह असलेले आपले वडील कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात आहेत आणि ते संरक्षण आपल्या नोकरीबरोबरच संपते. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज आताच करावा, म्हणजे सामूहिक विम्यातील वर्षे प्रतीक्षाकाळात धरली जातील. एकदा खंड पडला की जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी, नाहीतर परतीला विमानतळावरच विलगीकरण होऊ शकते. बसचे आसन मात्र 'कामा'चेच घ्यावे. त्या जादा पैशांना माझी हरकत नाही.