पाइप ऑर्गन बांधणारा कारागीर नेमकं काय करतो? जर्मनीतल्या एखाद्याबद्दल सांगाल का?

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला ऑर्गन आठवतो. त्यात सूर पत्तीतून निघतो, बाजाच्या पेटीसारखा. पाइप ऑर्गनच्या बहुतेक नळ्या मात्र बासरीच्या जातीच्या असतात.

खाणकाम शिकायला मी दोन वर्षं जर्मनीत, सॅक्सनी प्रांतातल्या फ्रायबेर्गला होतो. तिथल्या डोममधला, म्हणजे मोठ्या चर्चमधला, ऑर्गन गॉटफ्रीड झिल्बरमानने बांधलेला, म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो.

१६८३चा जन्म, सुताराचा मुलगा. थोरल्या भावाकडे, आंद्रेआसकडे, स्ट्रासबुर्गला काम शिकला. १७१० मध्ये सॅक्सनीत परतला आणि सत्ताविशीतच डोमचं काम मिळालं. १७१४ मध्ये ते पुरं झालं. तीन कीबोर्ड, अडीच हजारांहून जास्त नळ्या. जन्मभरात त्याने पन्नासेक ऑर्गन बांधले.

आता काम. कथील आणि शिसं वितळवून त्याचा पातळ पत्रा ओतायचा, कापायचा, साच्यावर गुंडाळायचा, डाख लावायचा. इथवर आपल्या कासारालाही ओळखीचं वाटेल. खरी परीक्षा नळी बोलती करताना. नळीच्या तोंडाला खालचा-वरचा ओठ असतो. फट केसभर चुकली तरी नळी नुसती फुसफुसते, नाहीतर एकदम वरच्या सप्तकात जाते. शेवटचा हात चर्चमध्येच फिरवायचा, कारण तिथल्या भिंती सूर बदलतात. आणि हे एकेका नळीचं!

झिल्बरमान पियानोही करायचा. थोर संगीतकार बाखने एक वाजवून पाहिला, नाद वाखाणला, पण वरचे सूर क्षीण आणि पट्ट्या जड आहेत असं तोंडावर सांगितलं. बाखचा शिष्य आग्रिकोला लिहितो, की झिल्बरमानला ते फार लागलं. तरी त्याने पियानो विकणं थांबवलं आणि कित्येक वर्षं दुरुस्तीत घालवली. पुढे बाखनेच ते पसंत केले. मला त्याच्या साऱ्या आयुष्यात ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

ड्रेस्डेन शहरातल्या फ्राउएनकिर्शे या चर्चमधला त्याचा ऑर्गन १९४५च्या बॉम्बहल्ल्यात गेला. तिथल्याच होफकिर्शे या दुसऱ्या चर्चमधलं काम चालू असताना १७५३ मध्ये तो वारला. ते शिष्य हिल्डेब्रांटने पुरं केलं. त्या नळ्या युद्धात आधीच उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून वाचल्या.

फ्रायबेर्गला गेलात तर उन्हाळ्यातली संध्याकाळची मैफल चुकवू नका. पायपट्ट्यांवरचा सगळ्यात खालचा सूर लागला की बसल्या बाकाची फळी पाठीला थरथरते.