पबमेडवर शोधलं की एकतर हजारो लेख येतात, नाहीतर शून्य. एमडीच्या प्रबंधासाठी गूगल स्कॉलर पुरेसं नाही का?

प्रश्नाखाली तुम्ही विषय दिलाय: विंचूदंशात प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) आणि प्रतिविष (अँटीव्हेनम). सोबत गाईडचा सल्लाही आहे: "स्कॉलरवर टाक, पहिली दहा पानं चाळ, झालं." हा सल्ला ग्रंथालयाच्या काउंटरवर मी इतक्यांदा ऐकलाय की स्कॉलरचं नंतर बघू, आधी पबमेडची, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या शोधसूचीची, बाजू मांडतो. कारण तुमच्या अडचणीत पबमेडचा काही दोष नाही, तुमच्या शोधओळीचा आहे.

तुम्ही लिहिलेली ओळ अशी: स्कॉर्पिअन अँड प्राझोसिन ऑर अँटीव्हेनम. (इथे देवनागरीत लिहितोय, चौकटीत रोमनमध्येच टाकायचं, अँड, ऑर, नॉट कॅपिटलमध्ये.) पबमेड ही ओळ डावीकडून उजवीकडे वाचतं. म्हणजे आधी विंचू आणि प्राझोसिन दोन्ही असलेले लेख काढतं आणि मग त्यात जगातला प्रतिविषावरचा प्रत्येक लेख ओततं. घोणस, नाग, ऑस्ट्रेलियातले कोळी, सगळे आत. प्राझोसिन ऑर अँटीव्हेनम हा भाग साध्या कंसात घातला असता तर एवढं झालंच नसतं.

शून्य निकालाचं कारण दुसऱ्या टोकाला आहे. आठ शब्दांचं अख्खं वाक्य टाकलंत, तर पबमेड शब्दाशब्दांत मनानेच अँड घालतं. "इफेक्टिव्हनेस", "रोल", "स्टडी", "पेशंट्स" हे शब्द शोधओळीतून काढून टाका. प्राझोसिनच्या उपयोगावरच्या लेखात "रोल" हा शब्द असायलाच हवा असं कुठे आहे?

आता काम कसं करायचं ते. मुख्य पानावरच्या चौकटीत नाही, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन करायचं. तिथे खाली हिस्टरी असते आणि प्रत्येक ओळीपुढे डिटेल्स उघडता येतं. तुम्ही टाकलेल्या शब्दाचं यंत्राने काय केलं, ते तिथे दिसतं. ते न वाचता निकाल चाळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. टॅग (शब्द कुठे शोधायचा ते सांगणारं चौकोनी कंसातलं लघुरूप) न लावता "स्कॉर्पिअन स्टिंग" टाकलंत तर पबमेड स्वतःहून "स्कॉर्पिअन स्टिंग्ज" हा मेश मथळाही जोडतं; मेश म्हणजे लेखांना लावायच्या ठरावीक विषय-मथळ्यांची यादी. हे चांगलंच आहे. पण अवतरणचिन्हं लावली, टॅग लावला किंवा शब्दाला स्टार (*) लावला की ही आपोआप जोडणी बंद पडते. मग मेश तुम्हालाच घालावा लागतो.

म्हणून प्रत्येक कल्पनेच्या दोन ओळी करा. पहिली ओळ मेशची: स्कॉर्पिअन स्टिंग्ज, ऑर स्कॉर्पिअन व्हेनम्स, प्रत्येकापुढे चौकोनी कंसात एमएच. दुसरी ओळ शीर्षक आणि गोषवाऱ्यातल्या शब्दांची, प्रत्येकापुढे टीआयएबी. दोन्ही लागतात. ताज्या लेखांना मथळे लागलेले नसतात, आणि पबमेडमधल्या प्रत्येक लेखाला ते लागतातच असं नाही. नुसत्या मेशवर राहिलात तर नवीन लेख जातात. नुसत्या शब्दांवर राहिलात तर जर्नलांत छापलेली जुनी पत्रं जातात, कारण पत्रांना सहसा गोषवारा नसतो आणि शीर्षकातले दहा शब्द हाच काय तो आधार उरतो.

दुसरी ओळ लिहिताना खरी कसोटी लागते. स्टारने शब्दाची सगळी रूपं येतात, पण त्याआधी किमान चार अक्षरं हवीत. एन्व्हेनॉम पुढे स्टार लावा. एन्व्हेनमिंग आणि एन्व्हेनमेशन दोन्ही येतील, एक ब्रिटिश जर्नलांची सवय, दुसरी अमेरिकन. स्कॉर्पिअन पुढे स्टार लावलात तर स्कॉर्पिअनफिश नावाचा मासाही येतो, पण तो खपवून घ्या. स्टिंग पुढे मात्र एकटा स्टार कधीच लावू नका. स्टिंग नावाचं एक प्रथिन आहे, प्रतिकारशक्तीवाले त्यावर वर्षाला ढीगभर लेख लिहितात. शिवाय स्टिंगरे मासा आणि स्टिंगलेस मधमाश्या. हजारो निकालांतले बरेच इथूनच आलेले असतात. त्याऐवजी अंतर बांधून घ्या: अवतरणात स्कॉर्पिअन स्टिंग, पुढे चौकोनी कंसात टीआयएबी, कोलन, लहरी चिन्ह (~) आणि ३. दोन शब्दांत जास्तीत जास्त तीन शब्द, क्रम कोणताही. "स्टिंग बाय द रेड स्कॉर्पिअन" यात पकडलं जातं. ही सोय २०२२ पासून आहे. यात स्टार चालत नाही, त्यामुळे स्टिंग्ज आणि स्टंग यांचे वेगळे तुकडे करून ऑरने जोडा.

मग विंचवाचं नाव. आपल्या लाल विंचवाला जुने लेख ब्युथस टॅम्युलस म्हणतात, नंतरचे मेसोब्युथस टॅम्युलस, आताचे हॉटेनटोटा टॅम्युलस. प्रजातीचं नाव तेच, वंशाचं बदलत गेलं. तेव्हा फक्त टॅम्युलस शोधा, आणि तेही ऑरने. अँडने जोडलंत तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं प्राझोसिनवरचं लॅन्सेटमधलं १९८६ चं पत्र निसटू शकतं, त्याच्या शीर्षकात विंचवाची जात नाही. विंचूदंशावर कोकणातून प्रबंध लिहायचा आणि संदर्भांत ते पत्र नाही, तर परीक्षक काय म्हणतील ते मी सांगायला नको.

बावस्करांचे लेख चाचणीलाही वापरा. तुम्हाला आधीच ठाऊक असलेले पाच-सहा लेख घ्या, ते पत्र आणि प्राझोसिनला प्रतिविषाची जोड देऊन पाहणारी बीएमजेतली २०११ ची चाचणी धरून. त्यांचे पीएमआयडी, म्हणजे पबमेडने प्रत्येक लेखाला दिलेले क्रमांक, ऑरने जोडून एक ओळ करा, मग ती ओळ नॉट तुमची अंतिम ओळ. काही उरलं, तर तुमच्या जाळ्याला भोक आहे. उरलेल्या लेखाचे मथळे उघडून बघा, कोणता शब्द राहिला ते लगेच कळतं. याला दहा मिनिटं लागतात आणि हे जवळपास कोणीच करत नाही.

डावीकडचे फिल्टर शक्यतो लावू नका. ह्यूमन्स आणि वयोगट हे फिल्टर मेशवर चालतात, म्हणून मथळे न लागलेले ताजे लेख गुपचूप गळतात. शिवाय एकदा लावलेला फिल्टर पुढच्या शोधालाही चिकटून राहतो. प्राण्यांवरचे प्रयोग वगळायचे तर नॉट, आणि पुढे कंसात ॲनिमल्स नॉट ह्यूमन्स, दोन्ही एमएच. नुसतं नॉट ॲनिमल्स करून चालत नाही: मेशमध्ये ह्यूमन्स हा मथळा ॲनिमल्सच्याच पोटात येतो, त्यामुळे माणसांवरचे मथळे लागलेले लेखही पुसले जातात. तसंच नॉट स्नेक करू नका. साप-विंचू एकत्र मोजणारे ग्रामीण रुग्णालयांचे अभ्यास त्यात जातात.

गावाचं नाव घालायचा मोह होईल. महाराष्ट्र हा शब्द टॅगशिवाय टाकलात तर लेखकांचे पत्तेही धुंडाळले जातात, म्हणजे पुण्यातल्या प्रयोगशाळेने विषाच्या रेणूवर केलेलं काम येईल आणि रायगडातल्या रुग्णांवरचा, पण मुंबईचा पत्ता "मुंबई, इंडिया" एवढाच दिलेला लेख येणार नाही. पत्त्यांचीही गोम आहे: १९८८ ते २०१३ पर्यंत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदलेला आहे. ठिकाण शेवटी, वाचताना गाळा.

स्कॉलरचं राहिलं. ते वाईट नाही. एखादा लेख पुढे कोणी उद्धृत केला हे बघायला मी रोज वापरतो, आणि पबमेडमध्ये न येणारी भारतीय जर्नलं तिथेच सापडतात. पण ते हजाराच्या पुढे निकाल दाखवत नाही, मेश नाही, आणि तोच शोध महिन्याने केला तर तीच यादी मिळेल याची खात्री नाही. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात शोधओळ आणि तारीख लिहायची असते. "पहिली दहा पानं" ही काय पद्धत झाली? गाईडना हे तुम्ही थेट सांगू नका. पबमेडची अंतिम ओळ, तारीख आणि निकालांचा आकडा छापून सिनॉप्सिसला (प्रबंधाच्या आराखड्याला) जोडा, पुरतं तेवढं.

हो, आणि ॲडव्हान्स्डमधली हिस्टरी आठ तास वापरली नाही की पुसली जाते. ओळी आधी वर्डमध्ये उतरवून ठेवा, शिवाय माय एनसीबीआय या पबमेडच्या खात्यात सेव्ह करून मासिक ईमेल सुरू करा. प्रबंध जमा होईपर्यंत नवीन लेख येतच राहतात.